पोळ्याच्या पुरातली सायकल

आमच्या नानाचं म्हणणं असं व्हतं, की पावसाळ्यात अर्धी वाट माणूस सायकलीवर बसतो अन् अर्धी वाट सायकल माणसावर बसते. ज्याला दुसरी अर्धी वाट जमते त्यानंच सायकल घ्यावी, बाकीच्यांनी गाढव पाळावं. नाना म्हणजे माझा सख्खा चुलता, आबांचा धाकटा भाऊ. पिंगळी टेशनावरून चार गावची डाक आणायचं काम त्याच्याकडं व्हतं, अन् आख्ख्या गावात सायकल त्याची एकट्याची. आमचं गाव टेशनापासून तीन कोस, मधी दोन ओढे अन् सगळी वाट काळ्या रानातली. काळ्या रानाचा चिखल ज्याला ठावूक न्हाई त्याला कसं सांगावं! पायाला लागला की पाय सोडत न्हाई, चप्पल तर ठेवूनच घेतो, अन् चाकाला लागला की चाक चाक राहत न्हाई, उखळ व्हतंय उखळ. म्हणून मिरगाचं आभाळ दिसलं की नाना आधी सायकलीचे दोन्ही मडगाड काढून माळवदाला टांगायचा. लोक हसायचे, म्हणायचे, किसना, बाकीचे लोक चिखल उडू नये म्हणून मडगाड बसवतात, तू पावसाळ्यात काढतूस? नाना म्हणायचा, अंगावर उडालेला चिखल धुता येतो, चाकात अडकलेला धुता येत न्हाई.

थांबा, अजून सामान सांगायचं राहिलं. परवा माझी नात पुण्याहून आली तर तिची सायकल बघितलो. गेरची, ब्रेक तेलावर चालणारे, डोस्क्याला टोप, अंगात सुळसुळीत कोट, पाठीवर पाणी न शिरणारी पिशवी. आजोबा, ही सगळी गिअर घेतल्याशिवाय पावसात निघायचं नसतं, असं मला सांगायली! मी म्हणलो, पोरी, आमच्या नानाकडं हे सगळं व्हतं. चैनीला एरंडेल, कारण पावसानं घासलेट धुऊन जातंय, एरंडेल चिटकून राहतंय. मागच्या टायरला सुतळीचे आडवे वेढे, म्हणजे चढावर चाक घसरत न्हाई. दांडीला लटकावलेलं जुन्या विळ्याचं पातं, चिखल खरडायला. डाकेला मेणकापड. अंगावर घोंगडीची खोळ, वरून पोतं. अन् सगळ्यात महत्त्वाचं, क्यारेजला जाळीत बांधलेले दोन वाळके भोपळे, मोठ्या घागरीएवढे. पाण्यात काखेत बांधले की माणूस बुडत न्हाई. त्यानं मला सायकल शिकवली तवा हे पण शिकवलं व्हतं, की पाणी गुडघ्याला लागलं की उतरायचं, मांडीला लागलं की सायकल धारेच्या खालच्या अंगाला धरून तिला टेकत टेकत चालायचं, अन् कमरेला लागलं की सोडून द्यायचं. मी म्हणलो, सोडून? एवढी सायकल? तर त्यानं माझ्या कानफडात मारली. म्हणला, सायकल दुसरी भेटते, भाड्या.

त्यावेळी मी अठरा वर्षांचा व्हतो. निजाम जाऊन काही वर्षं झाली व्हती, तरी कचेरीत अजून अर्धी भाषा उर्दूच व्हती अन् म्हातारे लोक अजून निजामाचा मुलूखच म्हणायचे. पण आमच्या घरात राज्य बदलण्यापेक्षा मोठी गोष्ट झाली व्हती. आबा अन् नानाची वाटणी झाली व्हती. आंगणात कमरेएवढी मातीची भिंत घातली. त्या भिंतीवरून माझी माय अन् काकू दिवसभर मीठ, इस्तू, कोथिंबीर, कालवण एकमेकीला द्यायच्या, अन् संध्याकाळी त्याच भिंतीवरून आबा अन् नाना भांडायचे. काकू इकडं तव्यावर धपाटे टाकायली की तिळाचा वास आमच्याकडं यायचा, अन् माय न बोलता माझ्या हातात रिकामी ताटली द्यायची. रानं वाटली, भांडे वाटले, बैलाच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीत हौश्या नानाला गेला.

इथंच सगळं बिघडलं. आमच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल आमच्या घरचा जायचा. आजाच्या वेळेपासूनचा मान. अन् मागचे सहा पोळे पुढं कोण असायचा, तर हौश्या. तांबडा, उंच वशिंडाचा, गरीब असा की बारकी लेकरं त्याच्या पोटाखालून पलीकडं जायची. गाव सगळं दोन तट झालं. आबा म्हणायचे, मान थोरल्याचा, थोरला मी. नाना म्हणायचा, मान बैलाचा, बैल माझ्या दावणीला. पारावर, न्हाव्याकडं, हिरीवर, जिथं बघाल तिथं एकच वाद, मान माणसाचा का बैलाचा. आज हसू येतंय. तवा माणसं कुऱ्हाडीला धार लावायलते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. लोण्यात हळद कालवून बैलाच्या खांद्याला चोळायची अन् कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. भिंतीच्या दोन्ही अंगाला एकाच वेळी खांदमळणी चालली व्हती, अन् दोघं भाऊ एकमेकाकडं पाठ करून बैलाच्या कानात बोलायलते. दुसऱ्या दिवशी दोन्ही चुलींवर पुरण शिजायलं, येळवण्याच्या आमटीचा झणका सुटला, बैलाला ज्वारीचा ठोंबरा शिजवला. नानानं हौश्याला झूल घातली, शिंगाला हिंगूळ अन् बेगड लावली. मग सायकल बाहेर काढली. दरसाल तो सायकल पण पुजायचा. म्हणायचा, ही बी माजा बैलच, वर्षभर राबतीय. त्या दिवशी त्याला हौस आली. माळवदाला टांगलेले मडगाड काढले, घासून चकचकीत केले, सायकलीला बसवले, त्यावर बेगडाचे फुलं चिटकवले, हांडलला हळदकुंकू. भर पावसाळ्यात! काकू म्हणली बी, आहो, मडगाड कशाला? नाना म्हणला, आजच्या दिवस नवरदेव दिसू दे की तिला. उद्या काढतो.

आभाळ सकाळपासून शिसवासारखं झालं व्हतं, म्हणून पंचांनी दुपारीच पोळा फोडायचं ठरवलं. हलगी वाजायली. वेशीत आंब्याच्या पानाचं तोरण बांधलेलं. आबा आमची जोडी घेऊन एका अंगानं आले, नाना हौश्याला घेऊन दुसऱ्या अंगानं आला. दोन्हीकडचे बैल तोरणाखाली आडवे अडकले. पाटील मधी पडले, म्हणले, आरं दोघं भाऊ मिळून न्या की रं. आबांनी ऐकलं न्हाई. नानानं ऐकलं न्हाई. आबा म्हणले, "किसन्या, मागं घे तुझं ढोर." नाना म्हणला, "ढोर कोनाला म्हनतूस? सा वर्सं ह्येच ढोर तुला मान देत व्हतं." अन् आबांनी काठी उचलून हौश्याच्या नाकाडावर मारली. पोळ्याच्या दिवशी, बैलाला! हलगी बंद पडली. बाया वराडल्या. हौश्या नुसता मान हलवून मागं सरला, शिंग सुद्धा खाली केलं न्हाई. पण नानानं आबांचं नरडं धरलं.

मग जे झालं ते मला तुकड्या तुकड्यानंच आठवतं. वीज पडल्यासारखा पाऊस आला, सरी न्हाईत, दगडं. काठ्या काठ्यावर वाजायल्या. कोणीतरी कोणाच्या तोंडावर लाथ मारली, दात पडलेलं मी डोळ्यानं बघितलो. बैल दावे तोडून पळायलते, झुली चिखलात लोळायलत्या. आबांचे डोळे पांढरे व्हायलते अन् नानाचे हात त्यांच्या नरड्यावरून सुटत नव्हते. वेशीपाशी कोणाचीतरी सोडलेली गाडी व्हती. तिच्या जुवाची शिवळ, म्हणजे जुवाच्या टोकाला बैलाच्या मानेशेजारी खोचतात ती बाभळीची खुंटी, मी उपसलो अन् नानाच्या डोक्यात मारलो. एकदाच. नारळ फुटावं तसा आवाज झाला. आबा पण तेवढ्यात खाली पडता पडता काठी फिरवायलते, त्यांची काठी पण नानाला लागली. नाना पडला. पावसानं त्याच्या डोक्यातलं रगत चिखलात असं पसरवलं की आबांच्या गुडघ्यापर्यंत लाल झालं. आबांनी आपल्या काठीकडं बघितलं, नानाकडं बघितलं अन् मटकन खाली बसले. म्हणले, "म्या मारलं. म्या भावाला मारलं." शिवळ माझ्या हातात व्हती. मी ती गाडीखाली फेकलो. कोणी बघितलं न्हाई, असं मला वाटलं.

"मेला! किसन मेला!" असं कोणीतरी वराडलं, अन् एवढा मोठा जमाव, चिमण्यागत उडाला. दारं लागली, कड्या पडल्या. नाना मेला न्हवता. त्याला घरी आणलो, काकूनं चिंध्या जाळून राख अन् हळद जखमेत दाबली, वरून लुगड्याचा पदर फाडून बांधला. रगत थांबतच नव्हतं. गावातला म्हातारा वैदू म्हणला, हाड आत गेलंय, माझ्या हातचं न्हाई, परभणीला नेलं तर जगंल, आज नेलं तर. पिंगळीपर्यंत नेलं की पुढं रेल्वे. पण तीन कोस न्यायचं कशावर? बाजेवर न्यायला चौघं लागतात, अन् जो बाजेला हात लावंल त्याचं नाव पोलिसात जाईल म्हणून एक माणूस बाहेर येईना. आबा कोपऱ्यात भिंतीला डोकं आपटायलते, त्यांचा उपयोगच नव्हता. माय म्हणली, गाडी जुंपा. तवा नानानं डोळे उघडले. पहिले शब्द ते बोलला. "आज जू न्हाई ठिवायचं. हौश्याच्या मानंवर आज जू ठिवलं तर मी गाडीतून उडी मारीन." मरायलेला माणूस! अन् कोणीच त्याला खुळं म्हणलं न्हाई, कारण त्या दिवशी गावातल्या कोणीच जुंपलं नसतं. मग मी म्हणलो, "सायकलीवर नेतो." काकू म्हणली, ती बी पुजलीय. नाना म्हणला, "तिला सवय हाय."

काकूनं माझ्याकडं बघितलं. हातात उलथनं व्हतं तिच्या. "तुज्या बापानं फोडलं अन् तू जोडायला चाललास व्हय रं मुडद्या?" असं म्हणून तिनं मला पाठीवर, हातावर, जिथं लागंल तिथं मारायला सुरुवात केली. मी उभा राहिलो. मला बरं वाटायलतं, खरं सांगतो. दहाबारा फटके मारले अन् दमली. मग तिनंच उलथनं टाकून दिलं अन् तयारीला लागली. हौश्याच्या अंगावरची झूल ओढून नानाला गुंडाळली, वर घोंगडी, वर पोतं. नानाला क्यारेजवर बसवून त्याची छाती माझ्या पाठीला दाव्यानं बांधली, पाय सायकलीला बांधले. भोपळ्याची जाळी त्याच्या काखेत बांधली, अन् गाठ तिनं अशी मारली की आबांनी ओढून बघितली, सुटली न्हाई. जाताना मला म्हणली, "परत आला तर दोगं या. न्हाई तर येऊच नको."

गावाबाहेर दोनशे पावलं गेलो अन् सायकल उभी राहिली. पायडलवर सगळं अंग टाकलो तरी हलंना. मडगाड! नवरदेवाचे मडगाड! चाक अन् पत्र्याच्या मधी चिखल असा ठासला व्हता जशी विटंची भट्टी. पाना आणायचा इसरलो व्हतो. विळ्याच्या पात्यानं खरडलो, पुन्हा वीस पावलं, पुन्हा ठप्प. मागं नानाचं रगत माझ्या मानेवरून गरम गरम उतरायलतं अन् पुढं थंडगार पाऊस तोंडात थप्पड मारायलता. मी दगड उचललो अन् मडगाडावर घालायलो. हाणलो, हाणलो, पत्रा वाकला, बेगडाचे फुलं चिखलात पडले, बोटं चेंबटले, शेवटी पायानं लाथा घालून दोन्ही मडगाड तोडून फेकलो. नाना मागून म्हणला, "हळू. नवे हायत." मला वाटलं तो भ्रमात बोलायलाय.

मग मात्र चाक फिरलं. मला ते अजून आठवतंय, एवढ्या सगळ्यात आनंद झाला व्हता! सुतळी चढावर पकडायली, चैन एरंडेलात कुरकुर न करता पळायली. वाटेनं न जाता धुऱ्यावरच्या, म्हणजे रानाच्या बांधावरच्या गवतावरून चालवायचं, हे त्याचंच शिकवलेलं. कापसाच्या रानात पाणी मावत नव्हतं, एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर पांढऱ्या धारा पडायलत्या, बांध फुटायचे तसा आवाज यायचा, जणू कोणी दात ओठ खाऊन कापड फाडायलंय. एक बाभूळ माझ्या डोळ्यादेखत मुळासकट आडवी झाली. पहिला ओढा मांडीपर्यंत व्हता. नानाला सोडून पाठीवर घेतलो, सायकल धारेच्या खालच्या अंगाला धरलो, तिला टेकत टेकत पार झालो. पलीकडं जाऊन चाकाचा चिखल खरडायला बसलो. नानाला बोरीच्या झाडाला टेकवलं व्हतं. पाऊस जरा उणा झाला व्हता. मी पातं घेऊन खाली मान घालून खरडायलो, अन् नाना म्हणला,

"सख्या, शिवळ कुठं टाकलास?"

माझा हात थांबला.

"कोनती शिवळ?"

"माझ्या डोस्क्यात मारलास ती. लोकाच्या गाडीची व्हती. परत ठिवायला पायजे."

मी पातं खाली ठेवलो. मी म्हणलो, नाना, आबांचा जीव चालला व्हता. मला दुसरं काही दिसलं न्हाई. मी म्हणलो, मला मारा. विळ्याचं पातं त्याच्या पुढं केलो. खरंच केलो. आता लिहिताना लाज वाटतीय, असलं नाटक पोरं करतात. नानानं डोळे मिटले. म्हणला, "तुज्या बापाला सांगितलास?" मी मान हलवलो, न्हाई. म्हणला, "मग त्यो समजतूय त्यानंच मारलं?" मी म्हणलो, हाव. नानानं डोळे उघडले. मग हसला. तोंडात रगत व्हतं त्याच्या. "बरं झालं. जरा झुरू दे त्याला. चल, आता चैन पूस अन् बस. मला इथं बोरीखाली मरायचं न्हाई, काटं लय हायत."

दुसरा ओढा म्हणजे ओढा राहिलाच नव्हता. दोन्ही काठ गिळून बसला व्हता, मधी लाल पाणी गरगर फिरायलं, त्यात कडब्याच्या गंजीच्या गंजी, एक मेलेली शेळी, कोणाच्या तरी घराचं दार कडीकोयंड्यासकट. पलीकडं रेल्वेचा भराव दिसायला. तेवढाच पल्ला, पण मधी ते पाणी. मागं जायला वाटच न्हाई, पहिला ओढा पण आतापर्यंत चढला असंल. नाना म्हणला, "भोपळ्याची गाठ बघ." बघितलो. "दावं माझ्या अन् तुज्या कमरंला बांध." बांधलो. "आता सायकल इथंच ठिव." मी म्हणलो, न्हाई, टेकण लागंल. तो म्हणला, "कमरंला लागलं की काय करायचं, शिकवलो नव्हतो का?" मी ऐकलो न्हाई. त्याच्या डोक्यात घाव घातलोय, अन् आता त्याची सायकल पण सोडून द्यायची? मला वाटलं, एवढं तरी वाचवू.

दहा पावलं गेलो तोवर पाणी कमरेला. पंधरा पावलांना छातीला. पाणी ढकलत न्हाई हो, मारतं. खालून पायाच्या नळ्यावर दगडं मारतं, वरून छातीवर लाकडं मारतं. नाना भोपळ्यावर तरंगायलता, तोंड वर करून, दावं ताणलेलं. सायकलीच्या चाकात कडब्याची एक पेंढी अडकली, मग दुसरी, मग सायकलच धरण झाली, सगळ्या पाण्याचं वजन तिच्यावर आलं अन् तिनं मला खाली ओढायला सुरुवात केली. "सोड!" नाना वराडला. मी दांडी अजून घट्ट धरलो. माझ्या नाकात पाणी गेलं, दावं माझ्या कमरेत कापायलं, मी बुडालो, वर आलो, पुन्हा बुडालो, तरी सोडलो न्हाई. मग नाना दावं ओढत ओढत माझ्याजवळ आला, त्यानं माझं मनगट तोंडात धरलं अन् चावला. हाडापर्यंत चावला. माझी बोटं सुटली. सायकल एकदा उलटी झाली, दोन्ही चाकं वर आली, वेगानं फिरायलती, अन् गेली.

दोघं बरंच खाली वाहत गेलो अन् शिंदीच्या बेटात अडकलो. तिथून काठ हातभर अंतरावर. मी शिंदीच्या काट्यात हात घालून घालून वर चढलो, नानाला ओढलो, पाठीवर घेतलो अन् भरावाकडं निघालो. नाना काही बोलत नव्हता आता. मी म्हणायलो, नाना, बोला की, शिव्या द्या, कायपण बोला. भरावावर चार गँगमन लाईन तपासायलते, पाण्यानं कुठं खचली का म्हणून. त्यांच्याकडं रुळावर ढकलायचा ठेला व्हता. त्यातला एक म्हातारा म्हणला, "या अल्ला, यह कहाँ से निकले?" त्यांनी नानाला ठेल्यावर घातलं अन् पळत पळत पिंगळीला नेलं. मास्तरांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात घातलं. परभणीच्या दवाखान्यात पोचलो तवा दिवस अजून पुरता बुडाला नव्हता, अन् नानाच्या अंगावरून सोडलेले ते दोन भोपळे माझ्या काखेत तसेच व्हते, मला कळलंच नव्हतं.

डॉक्टरनं डोकं साफ केलं, हाड वर घेतलं, टाके घातले. जगंल म्हणला. मी व्हरांड्यात बसून लहान लेकरागत रडलो. सकाळी जमादार आला. मारामारीची खबर त्याच्यापर्यंत गेली व्हतीच. वही उघडली अन् नानाला विचारलं, कोणी मारलं? मी खाटेच्या पायथ्याशी उभा व्हतो. माझ्या मनगटावर दाताचे वळ निळे पडले व्हते. मी ठरवलो व्हतो की मी सांगणार. रात्रभर ठरवलो व्हतो. तोंड उघडलो, अन् नाना माझ्याआधी बोलला.

"बैलानं."

"बैलानं? पोळ्याच्या दिवशी?"

"पोळ्याच्याच दिवशी. गर्दीला भ्याला. माझाच बैल हाय, हौश्या. तांबडा."

कंपाउंडर म्हणला, जमादारसाब, जखमेत लाकडाचा टवका निघालाय. नाना म्हणला, "शिंगाला बेगड बांधायला बांबूची कांबट लावलो व्हतो, तिचा असंल." जमादारानं माझ्याकडं बघितलं, "तू काय म्हणतूस?" नानाचे डोळे माझ्यावर व्हते. मी काहीच म्हणलो न्हाई. त्यानं तेच लिहिलं अन् वही मिटली.

गावात आलो तर आबा वेशीबाहेर येऊन उभे. नानाच्या पाया पडायला वाकले, थोरला भाऊ असून. नानानं धरलं. आबा म्हणले, "किसना, मान तुझा. म्होरल्या पोळ्याला हौश्या पुढं." त्यांना वाटलं नानानं त्यांना वाचवलं. पुढं पण त्यांना तेच वाटत व्हतं, मरेपर्यंत. नाना म्हणला, "न्हाई दादा. त्यो मारका हाय. सरकारी वहीत लिवलंय." अन् पंचांनी पण तेच ठरवलं. मारक्या बैलाला तोरणाखालून पुढं कसा न्यावा, लेकरंबाळं असतात. मी भिंतीपाशी नानाला एकट्याला गाठलो. म्हणलो, नाना, मी सांगतो पाटलाला. हौश्या मारका न्हाई. नाना कडब्याची पेंढी सोडायलता. म्हणला, "बैल मारका न्हाई म्हनलास, की मारनारा मानूस धुंडावा लागतूय. गप ऱ्हा."

पुढच्या पोळ्याला आबा आमची जोडी घेऊन पहिले गेले. हलगी वाजली, तोरण फुटलं. नानाच्या डोक्याला दिवसाउन्हात चक्कर यायची, म्हणून हौश्याचा कासरा माझ्या हातात दिला, अन् मी सगळ्यांच्या शेवटी चालत व्हतो. पोळ्याला बैल दारोदार जातात, बाया हातानं पुरणाची पोळी चारतात. हौश्याला सवय व्हती. प्रत्येक दारापुढं थांबून तो मान लांब करायचा. बाया लेकरांना मागं ओढायच्या अन् पोळी लांबून फेकायच्या. पोळी चिखलात पडायची. ज्या लेकरानं मागच्या साली त्याच्या पोटाखालून घसरगुंडी केली व्हती, ते मायच्या लुगड्यात तोंड लपवून रडायलं. आमच्या दारात माझी माय उभी व्हती, तिनं पण फेकली. हौश्या पोळीकडं बघत उभा राहिला, खाली वाकेना. मी ती उचललो, धोतराला चिखल पुसलो अन् त्याच्या तोंडात दिलो. त्याची खरबरीत जीभ माझ्या मनगटावरून फिरली.

"सांभाळून रं सख्या," आबा ओट्यावरून वराडले, "मारका हाय त्यो."

मी म्हणलो, "हाव."